आगीत टिकणारी खूण

माझ्या सर्टिफिकेटवर आयटीआयचा शिक्का आहे आणि तारापूरच्या एमआयडीसीत त्यावरच नोकरी लागली. पण हाताला वळण लावलं ते मोखाड्याकडच्या एका लोहाराने. सगळा पाडा त्यांना बाबा म्हणायचा, मीही.

आमच्याकडे राबासाठी फांद्या उतरवायला कोयता लागतो, पावसाआधी कुदळ आणि फाळ, नागली-भात कापायला विळा. बाबांचा कोयता ट्रकच्या जुन्या पाट्याचा. जव्हारच्या घाटाची कृपा, मोडके पाटे भंगारात कधी कमी पडले नाहीत. पाट्याच्या मधोमध बोल्टचं भोक असतं. ते पात्यात येऊ नये म्हणून तुकडा कुठे तोडायचा, पातं कुठे संपवायचं, मुठीत जाणारी शेपटी कुठून ओढायची, हे लोखंड थंड असतानाच ठरवावं लागतं.

सुट्टीत मी भट्टीचा पंखा फिरवायचो. एकदा हौसेने पाट्यावर खडूची रेघ ओढली. बाबांनी ती पुसलीही नाही. "आग पुसंल," एवढंच म्हणाले, आणि पंच हातात दिला.

तो त्यांनी स्वतः घडवलेला, सुरुंगाची भोकं पाडायच्या जुन्या षटकोनी सळईचा. टोक लाल करून पाण्यात बुडवायचं, दगडावर घासून चकचकीत करायचं, मग मागची ऊब टोकाकडे सरकताना रंग बघत बसायचं. भात कापणीला आल्यावर शेताला येतो तो पिवळा टोकाशी पोचला की पुन्हा पाण्यात. निळा येऊ दिला तर टोक मऊ पडून पोलादावर बसतं. डोकं मात्र मऊच ठेवायचं, नाहीतर हातोड्याखाली कपची उडून डोळ्यात जाते. पुढे आयटीआयच्या तक्त्यात पिवळ्यासमोर 230 अंश आणि निळ्यासमोर 300 अंश लिहिलेले दिसले, तेव्हा ते रंग मला तोंडपाठ होते. सेंटर पंचाचं टोक 90 अंशांचं असतं, हा आकडा तेवढा तिथला.

खूण खोल हवी, हे बाबांचं. पाटा लाल झाला की वर पापुद्रा धरतो, हलका ठिपका त्यात बुजतो. खोल खळगा लाल लोखंडावरही दिसतो, आणि घणाचा घाव कुठे थांबवायचा ते सांगतो. कुऱ्हाडीच्या तुंब्याला, म्हणजे दांड्याच्या भोकाला, तर दोन्ही अंगांनी समोरासमोर खुणा. एका बाजूने सुंबा ठोकायचा, खाली ऐरण लागल्यासारखं घट्ट वाटलं की कुऱ्हाड उलटायची आणि दुसऱ्या अंगाने भोक पुरं करायचं. तुंबा केसभर तिरका गेला तर कुऱ्हाड दांड्यावर वाकडी बसते आणि घाव घसरतो. घसरलेली कुऱ्हाड पायावर येते, आणि इथे दवाखाना जवळ नाही. म्हणून बाबा घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला बिडी देऊन बसवून ठेवायचे.

कंपनीत ड्रिलचा पॉइंट भरकटला नाही की सुपरवायझर माझं कौतुक करायचे. ते घेताना मला अवघडायचं. पहिल्या बोनसमधून मी बाबांसाठी ऑटोमॅटिक पंच नेला, आत स्प्रिंग असलेला, नुसता दाबला की ठिपका. त्यांनी पाट्यावर दाबून पाहिला, खळग्यावरून नख फिरवलं.

"उथळ हाय रं. आन् पैसं कशाला घातलंस? पंखा फिरव."

मी दुपारभर फिरवला. पंच त्यांनी शेजारच्या सुताराला देऊन टाकला. बिजागरीच्या स्क्रूच्या जागा टिपायला तो फार छान, असं सुताराने मला दोनदा सांगितलं.