घराच्या फटी आणि कराची सवलत

राहत्या घरातून होणारी उष्णतेची गळती थांबवणाऱ्याला प्राप्तिकरात सवलत देण्याची पद्धत अमेरिकेत 1978 मध्ये सुरू झाली. 1973 च्या तेलसंकटाचा धडा घेऊन अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या काळात तसा कायदा झाला. इन्शुलेशनसारख्या कामाच्या पहिल्या 2,000 डॉलर खर्चावर 15 टक्के, म्हणजे फार तर 300 डॉलर, करातून वळते करता येत. 1985 च्या अखेरीस ही सोय संपली. 2005 मध्ये ती परतली आणि पुढे कधी मुदत संपत, कधी वाढत रेंगाळत राहिली. ऑगस्ट 2022 च्या ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’ने तिला खरे बळ दिले. 2023 पासून खर्चाच्या 30 टक्के, वर्षाला 1,200 डॉलरपर्यंत, आणि हीट पंप बसवल्यास त्यासाठी वेगळे 2,000 डॉलर. तोपर्यंतची 500 डॉलरची मर्यादा आयुष्यभराची होती. नवी मर्यादा दरवर्षी नव्याने मिळू लागली.

ही सवलत प्रत्यक्षात कशी हाती येत असे याचा पुढील हिशोब प्रस्तुत लेखिकेच्या घराचा आहे. घर मध्य न्यू जर्सीतले, 1962 साली बांधलेले, लाकडी सांगाड्याचे. हिवाळ्यात गॅसची फर्नेस रात्रभर चालायची आणि तरीही वरच्या मजल्यावरच्या निजायच्या खोलीत पाय गार पडायचे.

आधी एक भेद नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण पहिल्या वर्षी या घरातही तो समजला नव्हता. वजावट उत्पन्नातून होते. टॅक्स क्रेडिट थेट करातून. 22 टक्के दराने कर भरणाऱ्याला 1,000 डॉलरची वजावट 220 डॉलर वाचवून देते, तर 1,000 डॉलरचे क्रेडिट पूर्ण 1,000. घरासाठी मिळत असे ते क्रेडिट, म्हणून ते मोलाचे. मात्र ते करापुरतेच असे. ज्याला करच द्यायचा नाही त्याला सरकार उलट पैसे देत नसे, आणि या विशिष्ट क्रेडिटचा न वापरलेला भाग पुढच्या वर्षीही नेता येत नसे. सौर पॅनेलच्या वेगळ्या क्रेडिटमध्ये तो नेता येत असे. घराच्या डागडुजीला मात्र ती मुभा नव्हती.

काम सुरू झाले ते सप्टेंबर 2023 मध्ये, ऊर्जेच्या तपासणीपासून. पुढच्या दारात कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवतात आणि घरातली हवा बाहेर ओढतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा 50 पास्कलने खाली आला की जिथे जिथे फट आहे तिथून बाहेरची हवा आत धावते. तपासनिसाकडे धूर सोडणारी नळी होती. देवघरातली उदबत्तीही त्याच कामाला आली. खिडक्यांपाशी धूर जवळपास सरळ वर गेला. विजेच्या प्लगपाशी तो हलला, आणि माळ्यावर जाणाऱ्या झाकणाखाली व स्नानगृहाच्या दिव्याभोवती तर तो आडवाच झाला. इतकी वर्षे खिडक्यांना दोष दिला जात होता. गळती डोक्यावर होती. गरम हवा वर चढून माळ्यातून निसटते आणि तिची जागा घ्यायला तळघरातून थंड हवा आत ओढली जाते. पाय गार पडण्याचे कारण हे. तपासणीचे 400 डॉलर झाले, त्याचे 30 टक्के 120. तपासणीसाठी 150 डॉलरची मर्यादा असल्याने ते पूर्ण मिळाले. या सगळ्या व्यवहारात इतका उपयोगी पडलेला दुसरा खर्च नाही.

ऑक्टोबरमध्ये माळ्यावरच्या फटी फोम आणि सीलंटने बुजवल्या गेल्या आणि दबून गेलेल्या जुन्या फायबरग्लासवर सेल्युलोजचा, म्हणजे जुन्या कागदापासून केलेल्या तंतूंचा, जाड थर यंत्राने फुंकून पसरवला गेला. क्रम महत्त्वाचा: आधी फटी, मग इन्शुलेशन. उलट केले तर फटी थराखाली गाडल्या जातात आणि हवा त्यातूनही वाट काढतच राहते. बिल 4,600 डॉलरचे होते आणि त्यावर एकच आकडा होता. कायदा इन्शुलेशनच्या, खिडक्यांच्या आणि दारांच्या बाबतीत फक्त मालाची किंमत धरत असे, मजुरी नाही. कंत्राटदाराकडून बिल फोडून घेतल्यावर माल 2,100 डॉलरचा निघाला, म्हणजे क्रेडिट 630. या कामात खरा खर्च माणसाच्या श्रमाचा असतो. माळ्यावर वाकून, तोंडाला मास्क बांधून दोन दिवस फटी शोधणाऱ्याच्या कामाला कायद्याच्या लेखी काही किंमत नसावी, ही या सवलतीची सर्वांत मोठी उणीव. हीट पंपाच्या बाबतीत मात्र मजुरी धरली जात असे.

हीट पंप इंधन जाळून उष्णता तयार करत नाही; फ्रिज जशी आतली उष्णता बाहेर टाकतो तशी तो बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उचलून आत आणतो. त्यामुळे एक युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता मिळते, आणि उन्हाळ्यात तेच यंत्र उलट चालून घर गार करते. फटी बुजवल्यानंतर घराची गरज पुन्हा मोजली गेली तेव्हा चार टनांऐवजी तीन टनांचे यंत्र पुरेसे ठरले. किंमत कामासह 14,000 डॉलर. वीज कंपनीने 1,000 डॉलरची सूट दिली. ती खर्चातून आधी वजा करावी लागत असे. उरलेल्या 13,000 चे 30 टक्के 3,900 होतात, पण मर्यादा 2,000 ची.

इथे एक तारीख आड आली. नोव्हेंबर 2023 मध्ये आगाऊ रक्कम दिली होती आणि काम 18 डिसेंबरला ठरले होते. बाहेर बसवायचे युनिट वेळेवर आले नाही आणि यंत्र 9 जानेवारी 2024 रोजी बसले. क्रेडिट पैसे दिल्याच्या वर्षाचे नसे, यंत्र बसल्याच्या वर्षाचे असे. सगळा हक्क 2024 वर गेला. त्याच वर्षी यजमानांची नोकरी गेली, अर्धे वर्ष एकही पगार नव्हता आणि वर्षाचा कर 1,450 डॉलरच निघाला. म्हणून 2,000 पैकी 1,450 मिळाले. उरलेले 550 कायमचे गेले. यंत्र तेच आणि कुटुंबही तेच होते. ज्या वर्षी पैशाची सर्वांत जास्त गरज होती त्याच वर्षी सवलत आटली. कमी उत्पन्नाच्या लाखो घरांत हे दरवर्षी घडत असे, कारण त्यांना करच कमी असतो, आणि जुनी, गळकी घरे बहुधा त्यांचीच असतात. ऊर्जा वाचवण्याचा हेतू असेल तर रक्कम परत मिळणारीच असायला हवी होती.

2025 मध्ये खिडक्या आणि मागचे दार बदलले. खिडक्यांचा माल 3,000 डॉलरचा. 30 टक्क्यांचे 900 होतात, पण खिडक्यांची वर्षाची मर्यादा 600. दार 700 चे, एका दाराची मर्यादा 250, त्यामुळे 210 पूर्ण मिळाले. त्या वर्षी उत्पादकाचा चार अक्षरी संकेत विवरणपत्रासोबतच्या 5695 क्रमांकाच्या फॉर्मवर लिहावा लागे. तो खिडक्यांच्या बिलावर नव्हता आणि मिळवायला तीन आठवडे लागले. मजुरी धरून ही दोन्ही कामे 6,200 डॉलरला पडली.

वीज कंपनीची सूट वजा जाता तीन वर्षांत मिळून 24,200 डॉलर खर्च झाले आणि करातून 3,010 सुटले. कायद्यात 30 टक्के लिहिले होते. हातात आला तो आठवा भाग. तरीही ही सवलत नसती तर तपासनिसाला बोलावले गेले नसते, आणि मग सगळा पैसा खिडक्यांत गेला असता.

व्यवसायांसाठी कायद्याची रचना वेगळी आहे. कलम 179डी खाली व्यापारी इमारतीला क्रेडिट नव्हे, वजावट मिळते. ऊर्जेचा खर्च ठरलेल्या प्रमाण इमारतीपेक्षा निदान 25 टक्क्यांनी कमी झाला तर दर चौरस फुटाला 50 सेंट ते 1 डॉलर, दरवर्षी महागाईप्रमाणे थोडी वाढ. कामगारांना त्या भागातील प्रचलित वेतन दिल्यास आणि शिकाऊ उमेदवारांच्या अटी पाळल्यास त्याच्या पाचपट. लेखिकेच्या दिरांची 4,000 चौरस फुटांची इमारत आहे, तिच्यात त्यांचे किराणा दुकान. मूळ दराने फार तर 4,000 डॉलरची वजावट, म्हणजे कराची बचत 880 च्या आसपास. पण बचत झाल्याचा दाखला परवानाधारक इंजिनिअरने मान्य सॉफ्टवेअरवर हिशोब करून द्यायचा असतो, आणि त्याचे शुल्क याहून जास्त सांगितले गेले. शेवटी त्यांनी छतावरचे नवे वातानुकूलन यंत्र कलम 179 खाली एकाच वर्षात खर्ची टाकले. 2018 पासून व्यापारी इमारतींना ती मुभा आहे आणि तिला कुणाचा दाखला लागत नाही. यंत्र काटकसरी आहे की उधळे, हेही ती विचारत नाही.

2023 या करवर्षात 34 लाख कुटुंबांनी घरांसाठीची ही दोन क्रेडिट मिळून 8.4 अब्ज डॉलर घेतली. त्यातले 6.3 अब्ज सौर पॅनेलसारख्या गोष्टींचे, 2.1 अब्ज घराच्या दुरुस्तीचे. दुरुस्तीचे क्रेडिट 2032 पर्यंत चालणार होते. 4 जुलै 2025 रोजी सही झालेल्या नव्या कायद्याने दोन्ही 31 डिसेंबर 2025 रोजी बंद केली. 30 जून 2026 नंतर सुरू होणाऱ्या बांधकामांना 179डी देखील नाही. शेवटच्या महिन्यांत कंत्राटदारांकडे रांगा लागल्या, आणि पैसे भरून काम वर्षअखेरीपर्यंत न झालेल्यांना जानेवारीच्या त्या नऊ तारखेसारखाच अनुभव आला, फक्त त्यांच्यापुढे पुढचे वर्ष उरलेले नव्हते.

या घरात तळघराच्या भिंतींचे काम राहिले आहे. ते 2026 साठी ठेवले होते. आता त्याचा खर्च पूर्ण घरचा असेल; कडेच्या तुळयांमागच्या फटी बुजवायला 2,800 डॉलरचा अंदाज आला आहे आणि ते काम थंडी सुरू होण्याआधी करायचे ठरले आहे.