शांततेचा खंड

फाल्सेत गाव मागं पडलं, रस्त्याला वळणं सुरू झाली आणि मी गप्प झालो. भाचीला वाटलं, गाडी लागली. "थांबू का, मामा?" मी नुसती मान हलवली. मळमळत नव्हतं, मी उतार बघत होतो. निफाडकडची आमची जमीन म्हणजे काळीभोर आणि ताटासारखी सपाट. इथं मात्र माणूस नीट उभा राहू शकणार नाही अशा डोंगराच्या अंगावर द्राक्षवेली लावलेल्या. मंडप नाही, तार नाही, अँगल नाही. कमरेच्याही खाली राहिलेलं वाकडंतिकडं खोड आणि त्यावर नोव्हेंबरअखेरची तांबडी चार पानं. आमच्याकडे अशा जागी फार तर शेळ्या सोडल्या असत्या.

कॅटलोनियाच्या दक्षिणेला, तारागोना प्रांतात, मोन्सांत नावाच्या डोंगराच्या कुशीत हा मुलूख आहे. नाव प्रिओरात. भाची बार्सिलोनात शिकते, तिची सुट्टी आणि माझी सवड पहिल्यांदाच जुळली होती. तिला समुद्र दाखवायचा होता. मी म्हटलं, समुद्र मुंबईलाही आहे, मला बाग दाखव.

एस्कालादेइ या वस्तीत गाडी लावली. वीस-पंचवीस पावलांत दुसरं टोक येतं, एवढीच वस्ती. जुन्या दगडी भिंती, प्लेन झाडांची सावली असावी असा एक चौक (झाडं आता उघडी), आणि वाइन तयार करणारी तळघरं. तिथून मठाच्या अवशेषांकडे जाणारा रस्ता धरला. कडेच्या बागेत मी वाकलो, मूठभर माती घ्यावी म्हणून. माती नव्हतीच. हातात आल्या त्या पाट्या. खरोखर पाट्या. पहिलीत असताना माझी पाटी फुटली होती, तेव्हा दप्तरात जसे काळे, धारदार, पापुद्र्याचे तुकडे उरले होते तसेच हे. कॅटलान लोक या दगडाला यिकोरेया म्हणतात. त्यात पाणी थांबत नाही, म्हणून मुळं फटी शोधत खोल खोल जातात, आणि जुन्या वेलीला किलोभर माल लागला तरी इथला शेतकरी समाधानी असतो. आम्ही एका वेलीवर दहा-बारा किलो धरतो आणि तरी व्यापाऱ्यासमोर तोंड पाडून उभे राहतो.

मठ कार्थुसियन पंथाचा. या पंथाची सुरुवात संत ब्रूनोनं १०८४ मध्ये फ्रान्समधल्या डोंगरात केली. इथला मठ बाराव्या शतकाच्या अखेरचा, आणि इबेरियन द्वीपकल्पातला या पंथाचा पहिलाच. दंतकथा अशी सांगतात की, एका मेंढपाळाला उंच पाइन झाडाला टेकलेली शिडी दिसली आणि तिच्यावरून देवदूत स्वर्गात चढताना दिसले. म्हणून लॅटिनमध्ये स्काला देइ, देवाची शिडी. मला त्या मेंढपाळाबद्दल जास्त कुतूहल आहे. त्याची मेंढरं चरत होती ती जागा पुढे मठाची झाली, मग तो कुठं चारायला गेला, हे दंतकथेत नाही.

अवशेषांत शिरलो आणि आपोआप आवाज खाली आला. छत नाही. कमानींचे तुकडे, गवत, खांबांची जोती. एकच खोली जशी होती तशी पुन्हा उभारून ठेवली आहे. तिथं मी बराच वेळ थांबलो. कार्थुसियन साधू एकत्र राहूनही एकटे. प्रत्येकाला आपापलं छोटं घर आणि त्याला लागून भिंतीआड एक परसबाग. दिवसाचा बहुतेक वेळ त्या घरातच जायचा. प्रार्थना, वाचन, हातकाम. जेवण दाराशेजारच्या भिंतीतल्या खिडकीतून आत सरकवलेलं. मांस कधीच नाही. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून डोंगरात फिरायला जायचं, तेव्हा बोलायची मुभा. बाकी मौन. मी त्या खिडकीत हात घालून पाहिला. भिंत जाड होती. ताट ठेवणाऱ्याचा हात दिसला असेल का आतल्याला, असं मनात आलं. आणि त्या हाताला मातीचा वास येत असेल का?

कारण मौन पाळायचं तर कुणीतरी दुसऱ्यानं बैलाला हाक मारायला हवी. इथं ती सोय डोंगराखाली होती. ज्या वस्तीत आम्ही गाडी लावली ती मुळात मठाचं खालचं घर, त्याला कोन्रेरिया म्हणत. कॅटलानमध्ये जमीन कसण्याला जो शब्द आहे त्याच्याच घरातलं हे नाव. धान्य, तेल, द्राक्षं, हिशोब, गडीमाणसं, सगळा कारभार तिथून चाले. कष्टाची कामं पांढऱ्या झग्यातल्या साधूंपेक्षा मठातले सेवाबंधू आणि आसपासची गावं करत. पोरेरा, पोबोलेदा, तोरोखा, ग्रातायोप्स या गावांवर मठाच्या प्रमुखाची, म्हणजे प्रायरची, सत्ता चाले. पिकाचा वाटा वर जाई. प्रिओरात म्हणजे प्रायरचा मुलूख. मालकाचं नाव सातबाऱ्यावर असतं. इथं ते अख्ख्या तालुक्यालाच चिकटलं, आणि आता बाटलीवरही आलं.

साधूंनी काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. प्रोव्हान्सहून आलेल्या या लोकांनी द्राक्ष लावण्याची विद्या या डोंगरात रुजवली असं मानतात, आणि शेकडो वर्षं एकाच डोंगराकडे लक्ष देऊन बघणारी माणसं जे शिकतात ते आम्हा घाईवाल्यांना कळत नाही. पण प्रदेशाच्या माहितीपत्रकांतून भेटतात ते फक्त साधू. शांत, पांढरे, डोळे मिटलेले. खाली वाकलेला माणूस चित्रात येत नाही.

तो आला १८३५ मध्ये. पंतप्रधान मेंदिसाबालनं स्पेनमधल्या मठांच्या जमिनी सरकारजमा करायला घेतल्या, त्या वादळात इथले साधू निघून गेले आणि मठ लुटला गेला, जाळला गेला. दगड, दारं, जे नेता येईल ते गेलं. आम्ही बघत होतो ती पडझड काळानं केलेली नाही, ती हातांनी केलेली आहे. भाचीला हे ऐकून वाईट वाटलं. "एवढं सुंदर होतं, मामा, आणि आपल्याच लोकांनी?" मी म्हटलं, खंड भरणाऱ्याला कमान किती सुंदर आहे ते दिसतं, पण वेगळ्या तऱ्हेनं दिसतं.

माझे आजोबा कूळ होते. १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली, तेव्हा आमच्या घरात साडेचार एकर आलं. आजोबा त्या दिवशी काही बोलले नाहीत म्हणे. बांधावर जाऊन बसले आणि संध्याकाळी परत आले. मालकाचा वाडा त्यांनी जाळला नाही, पण पुढे तो पडायला आला तेव्हा त्याचे चार सागवानी वासे आमच्या गोठ्याला लागले, आणि ते विकत घेतले होते की नाही, हे मी कधी विचारलेलं नाही.

इथल्या कुळांना मात्र पहिली एप्रिल आली नाही. मठाच्या जमिनी लिलावात निघाल्या आणि ज्याच्याकडे पैसा त्यानं त्या घेतल्या. एस्कालादेइमधल्या तळघरांचा वारसा सांगितला जातो तो मठ मोडल्यावर ही मालमत्ता विकत घेणाऱ्या कुटुंबांपर्यंत येतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलोक्सेरा आला, मुळं खाणारा बारीक किडा, आणि त्यानं मालक आणि मजूर दोघांनाही सारखंच उठवलं. गावं रिकामी झाली. प्रिओरातचं नाव जगभर झालं ते खूप नंतर, १९८० च्या दशकाच्या अखेरीस रने बार्बिए, आल्बारो पालासिओस अशा मंडळींनी ग्रातायोप्समध्ये पुन्हा जीव ओतला तेव्हा. स्पेनमध्ये वाइनच्या प्रदेशांना मिळणारा सर्वांत वरचा दर्जा आज दोघांनाच आहे. रिओखा आणि हे.

खाली तळघरात थंड, ओलसर वास होता. आमच्याकडच्या बेदाण्याच्या शेडमधला गोड वास नव्हे. लाकूड, दगड आणि काहीतरी आंबट. ओकची पिंपं ओळीनं निजलेली. दाखवणाऱ्या बाईंनी गार्नाचा द्राक्षाची वाइन ओतली. मी पिण्यातला दर्दी नाही. वारकरी घरातला, तोंडाला लावायलाही चाळिशी उलटावी लागली. जड होती. पिकलेल्या काळ्या फळाची, आणि तिच्या मागून जिभेवर पाटी चाटल्यासारखं काहीतरी. लहानपणी पाटी पुसायला आम्ही थुंकीच वापरायचो, तेव्हा ती चव मला नक्की ठाऊक होती.

मी बाईंना विचारलं, भाचीनं भाषांतर केलं: खुंट कोणता? त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. अमेरिकी, त्या म्हणाल्या, फिलोक्सेरापासून सगळे तसेच. मी म्हटलं, आमचाही. आम्ही डॉगरिजवर कलम करतो, टेक्सासकडचा खुंट, किड्यासाठी नव्हे, खारं पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून. मग त्यांनी विचारलं, छाटणी कधी? दोनदा, मी म्हटलं, एप्रिलला खरड, ऑक्टोबरला गोडी. त्यांना पटेना. वेल झोपते कधी? झोपत नाही, मी म्हटलं. आमच्याकडे तेवढी थंडी नसते, म्हणून छाटल्यावर डोळ्यांना औषधाची पेस्ट लावून आम्ही तिला उठवतो. हे भाषांतर करताना भाची अडखळली, आणि बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या ग्लासात अजून थोडी ओतली.

बाहेर आलो तर फोन वाजला. धाकटा भाऊ. इथं दुपारचा एक, तिथं संध्याकाळचे साडेपाच.

"दादा, आभाळ भरून आलंय. घड फुलोऱ्यात आहेत. डावण्याचा फवारा आत्ताच घेऊ का उद्या पहाटे?"

"पाऊस पडायच्या आत घे."

"घेतो." मग जरा थांबून, "तिकडच्या बागा कशा आहेत?"

मी वर पाहिलं. उतारावरची पानं उन्हात गळत होती, एकेक.

"झोपायला लागल्यात."

"बरंय त्यांचं," तो म्हणाला, आणि मागून ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.