खूणगाठ

जोडी लावणे म्हटले की आमच्या मानवतच्या माणसाला आधी बैल आठवतात. निरनिराळ्या दावणींचे दोन बैल आणून एका जुवाखाली घातले की पहिले काही दिवस त्यांचे जमत नाही; एक ओढतो, दुसरा अंग चोरतो. मग हळूहळू चाल एक होते. कापूस आणि बैल पाहण्यातच ज्याचा जन्म गेला, अशा माझ्यासारख्याने यंदाच्या दिवाळीत हेलिकॉप्टरची जोडी लावायला बसावे, हे पाहून आमच्या घरच्या मंडळींनी कपाळाला हात लावला. "आता नातीच्या वयाचे झालात!" हा त्यांचा अभिप्राय.

हेलिकॉप्टर खरे, पण दीड हात लांबीचे. मुलाला पुण्यात नोकरी लागली तेव्हा त्याने हौसेने घेतलेले. पुढे घर बदलताना त्याचा ट्रान्समीटर, म्हणजे जमिनीवर उभे राहून ज्याच्या दोन दांड्यांनी ते उडवायचे तो हातातला डबा, कुठे गहाळ झाला, आणि हेलिकॉप्टर सहा वर्षे माळ्यावर पडून राहिले. यंदा त्याने त्याच कंपनीचा दुसरा ट्रान्समीटर घेतला आणि दोन्ही वस्तू मुलीकडे पाठवून दिल्या. मुलगी, म्हणजे आमची नात, दहावीत आहे आणि आमच्याजवळ राहते. येत्या जूनमध्ये ती लातूरला शिकायला जाईल. तो विषय सध्या आमच्या घरात कोणी काढीत नाही.

आता कोणाला वाटेल, नवा ट्रान्समीटर आला, बटन दाबले की झाले! तसे नसते. हेलिकॉप्टरच्या पोटात काडेपेटीएवढा रिसीव्हर असतो. प्रत्येक ट्रान्समीटरला कारखान्यातच स्वतःचा एक सांकेतिक क्रमांक दिलेला असतो आणि रिसीव्हर तो क्रमांक एकदा ऐकला की घट्ट धरून बसतो. वीज गेली, बॅटरी काढली, वर्षे लोटली तरी विसरत नाही. आमचे हेलिकॉप्टर त्या हरवलेल्या डब्याच्याच हाकेची वाट पाहत बसले होते. दुसऱ्याने कितीही ओरडावे, ते कानावर घेणार नाही. जुनी ओळख पुसून नवी द्यायची, या कामाला बाइंडिंग म्हणतात. मी त्याला खूणगाठ म्हणतो.

पूर्वी हा प्रकार सोपा होता आणि घातकही. ट्रान्समीटरमध्ये एक आणि रिसीव्हरमध्ये एक अशी एकाच नंबरच्या स्फटिकांची जोडी बसवीत. मैदानावर दोघांचे नंबर सारखे निघाले आणि एकाने डबा चालू केला, की दुसऱ्याचे विमान खाली! म्हणून तिथे एक फळी टांगलेली असे. ज्याच्या हाती त्या नंबरचा चिमटा, त्यानेच उडवायचे. आता हे संच सेकंदाला सुमारे 2 अब्ज 40 कोटी कंपनांच्या पट्ट्यात बोलतात. तिथे वायफाय, ब्लूटूथ अशी जत्राच असते. त्या गर्दीत बहुतेक संच एका जागी उभे राहतच नाहीत. या कंपनसंख्येवरून त्या कंपनसंख्येवर क्षणोक्षणी उड्या मारीत राहतात. उड्यांचा क्रम दोघांनाच ठाऊक.

ही युक्ती नव्या पोरांची नव्हे. व्हिएन्नात जन्मलेली सिनेनटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी 1942 साली अमेरिकेत अशाच उड्यांचे पेटंट घेतले होते. पाणतीराला दुरून दिलेला हुकूम शत्रूला अडवता येऊ नये, हा हेतू. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोके पाडलेली कागदाची गुंडाळी असते, तसल्या गुंडाळीने 88 कंपनसंख्या बदलायच्या. पियानोच्या पट्ट्याही तेवढ्याच! अमेरिकन आरमाराने मात्र त्या युद्धात ती वापरली नाही.

नातीला हे सांगताना मला बैलबाजार आठवला. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटे दाबीत. भोवती पन्नास माणसे उभी. भाव दोघांनाच कळे. "म्हणजे रुमालाखालचं वायफाय," ती म्हणाली. मी म्हटले, तसेच समज.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओसरीवर बसलो. आधी दोन्ही मोठी पाती काढून बाजूला ठेवली. ती मिनिटाला अडीच हजार फेरे घेतात. टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो. असली पाती आणि मुलांची बोटे एका ओसरीवर नकोत. मग रिसीव्हरला बाइंडिंगची खुंटी लावली, बॅटरी जोडली, आणि त्यावरचा बारीक दिवा भराभर मिचकावू लागला. ट्रान्समीटर चार पावले लांब नेऊन, त्याचे बटन दाबून धरून तिने तो चालू केला. अगदी जवळ धरला तरी हे जमत नाही, असे पत्रकात लिहिले होते. मोठ्याने कानात बोलले तर आपल्याला तरी काय कळते?

पण त्याआधी एक गोष्ट ठरवायची होती, आणि तिथे अर्धा तास गेला. आमच्या संचात, खूणगाठ बसते त्या क्षणी दांड्या जिथे असतील त्या जागा रिसीव्हर लक्षात ठेवतो. पुढे कधी हाक ऐकू येईनाशी झाली तर तो तसेच वागतो. म्हणजे हाक तुटल्यावर काय करायचे, हे ओळख करून देतानाच सांगून ठेवायचे! मोटारीची दांडी तळाशी ठेवली तर मोटार बंद. जरा वर ठेवली तर ती फिरत राहणार.

"थोडी वरच ठेवू," नात म्हणाली. "तेवढ्यात हाक परत जुळंल."

"आणि नाही जुळली तर?"

"पण आबा, बंद केली तर ते पडंल की!"

"पडेल."

"मोडंल."

"मोडेल."

मुलाला फोन केला. तो म्हणाला, तिलाच ठरवू द्या. मी तिला एवढेच सांगितले, की ज्या जिनिंगमध्ये मी हिशेब लिहीत होतो तिथे एका पोराची तीन बोटे गेलेली मी पाहिली आहेत. यंत्र बंद करणारा माणूस पंचवीस पावलांवर उभा होता. ती बराच वेळ हेलिकॉप्टरकडे पाहत राहिली. मग तिने दांडी तळाला ओढली आणि बटन दाबले. मिचकावणारा दिवा थोड्या वेळाने स्थिर झाला.

खुंटी काढून बॅटरी पुन्हा जोडली. पाती काढलेलीच होती. मोटार चालू करून तिने मुद्दाम ट्रान्समीटर बंद केला. क्षणभर काहीच घडले नाही. मग मोटारीचा आवाज बसत बसत थांबला. "ऐकतंय," ती म्हणाली. म्हणजे ऐकू येत नसतानाही ऐकतंय.

भाऊबीजेला पाती चढवून आम्ही सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या रानात गेलो. शेजारच्या कपाशीत वेचणी चालू होती. बायांना ओरडून लांब राहायला सांगितले. हेलिकॉप्टर कमरेइतके उठले, डगमगले, स्थिर झाले. चार मिनिटांनी गजर वाजताच नातीने ते उतरवले. मग आधी त्याची बॅटरी काढली आणि नंतर हातातला ट्रान्समीटर बंद केला. हा क्रम तिने मला विचारला नाही.