विवराच्या काठावरून आजोबांना

जालना स्थानक
शनिवार, पहाट

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा मी बहुतेक तुमच्याच शेजारी बसलेली असेन. तुम्ही ते मोठ्याने वाचाल आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढाल. तरी लिहितेय, कारण निघताना तुम्ही बजावलंत, "फोटो पाठवू नकोस. फोटोत सगळी तळी सारखीच दिसतात. लिही."

देवगिरी एक्स्प्रेसने आलो. मी आणि ग्लेन दादरला चढलो, केतन आणि शलाका ठाण्याला. ग्लेनच्या आईने डबाभर कटलेटं दिली होती. ती जालन्यापर्यंत पुरवायचं ठरलं होतं, पण कल्याणला डबा रिकामा झाला. मग वरच्या बर्थवर चढून सगळे झोपले. मनमाडला रूळ बदलताना गाडी बराच वेळ उभी होती, एवढंच काय ते आठवतंय.

दोन दिवसांसाठी एवढ्या लांब कशाला, असं ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. शनिवार-रविवार म्हणजे सांदण दरी, हरिश्चंद्रगड, नाहीतर अलिबाग. शेवटची कसारा लोकल पकडायची, जीप करायची, पिठलं-भाकरी खायची आणि रविवारी रात्री गुडघे चोळत घरी यायचं. केतनचंही मत तेच होतं. शलाकाने मात्र हट्ट धरला, की शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात ज्याचा फोटो बघितला ते लोणार एकदा तरी डोळ्यांनी बघायचंच. तिच्या हट्टापुढे कोणाचं चालत नाही.

तुमचं काम लक्षात आहे. "तिथल्या दगडाला आपल्या टेकडीसारखे खांब आहेत का, बघून ये." गच्चीवरून दिसणाऱ्या गिल्बर्ट हिलला तुम्ही लहानपणापासून 'आपली टेकडी' म्हणायला शिकवलंत, त्यामुळे ऑफिसातही मी तसंच म्हणते आणि लोक हसतात. बघून सांगते.

गार वारा सुटलाय. चहावाल्याने स्टो पेटवलाय. पुढे जीपने जायचंय.

तुमची,
मुक्ता

लोणार
शनिवार, रात्री

ती. आजोबा,

आधी तुमचं उत्तर: नाहीत. खांब नाहीत, निदान आम्ही उतरलो त्या वाटेवर तरी दिसले नाहीत. पण जे आहे ते ऐका.

मंठ्याच्या रस्त्याने आलो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस, शेंगा धरलेली तूर. सगळं सपाट. आता काहीतरी प्रचंड दिसणार, असं सांगणारी एकही खूण नाही. लोणार गावही तालुक्याच्या कुठल्याही गावासारखं: मोबाइलची दुकानं, खतांच्या पाट्या, एसटी स्टँड. मग एका वळणावर जमीन थोडी चढली आणि चार पावलांवर संपली. खाली झाडीचं भलंमोठं गोल रिंगण आणि मध्ये हिरवट पाणी. सतत बोलणारा केतनही गप्प झाला. फार वेळ नाही, पण झाला.

काठापासून काठापर्यंत अंतर साधारण 1.8 किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. आपली टेकडी साठेक मीटरची. म्हणजे गिल्बर्ट हिलवर गिल्बर्ट हिल रचून वर तिच्या माथ्यावरचं गावदेवीचं देऊळ ठेवलं, तरी कळस काठाच्या बराच खाली राहील.

दगड तोच आहे, आजोबा. अंधेरीतला आणि इथला, दोन्ही दख्खनच्या लाव्ह्याचे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचे. आपल्याकडे तो निवताना आकसला, तडकला आणि त्याचे उभे खांब झाले. इथे एकावर एक आडवे थर आहेत. उतरताना कड्यात ते ओळीने दिसतात: टणक काळा पट्टा, मग भुसभुशीत तांबूस, पुन्हा काळा. कुठे बारीक पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक. काठाजवळ मात्र हे थर आडवे राहिलेले नाहीत. ते वर उचललेत आणि बाहेरच्या बाजूला झुकलेत. काही ठिकाणी तर वहीचं पान उलटावं तसे पार उलटे पडलेत, खालचा थर वर आणि वरचा खाली. एका जागी ग्लेनने तो उलटलेला थर दाखवला आणि मी त्यावर हात ठेवून उभी राहिले. आदळणं म्हणजे काय, ते आकड्यांपेक्षा तिथे जास्त कळलं.

हे उल्केचं काम आहे हे इतक्या उशिरा ठरलं, याचं आधी नवल वाटलं होतं. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे दीडशे वर्षं बहुतेकांचं म्हणणं होतं, की हे ज्वालामुखीचं तोंड. चूक म्हणावं तर तसंही नाही. आजूबाजूला शेकडो मैल लाव्हाच लाव्हा, मग मधला खड्डा आणखी कशाचा असणार? 1896 मध्ये गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातल्या विवराशी याची तुलना केली होती. (आपल्या टेकडीचं नाव याच्यावरूनच का, असं विचारू नका, मला खात्रीने सांगता येणार नाही.) निकाल लागला 1973 मध्ये. तळात भोकं पाडून काढलेल्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडलं. खनिज न वितळता फक्त धक्क्याने काच होतं, ते हे. एवढा धक्का ज्वालामुखी देत नाही. बेसॉल्टमध्ये पडलेलं आणि इतकं नीट टिकलेलं असं विवर पृथ्वीवर दुसरं नाही. चंद्रावरचा दगडही याच जातीचा, म्हणून तिकडचा अभ्यास करणारे लोणारला येतात.

वयाचा मात्र अजून घोळ आहे. आधी 52 हजार वर्षं म्हणत होते. मग 2011च्या सुमारास आर्गॉन वायूच्या मोजणीवरून 5 लाख 70 हजार निघालं. गावातल्या पाट्या अजून जुन्याच आकड्यावर आहेत. आमच्याबरोबर आलेल्या वाटाड्या काकांना विचारलं, तर म्हणाले, "बाप्पा, तवा आपण कोणीच नोतो. कोणतं बी लिवा."

खाली उतरायच्या आधी धारेवर गेलो. काठाजवळच गोमुखातून गोड्या पाण्याची जाड धार पडते, बारमाही. बायका लुगड्यांसकट धारेखाली उभ्या, पोरं किंचाळतायत, एक आजोबा मंत्र म्हणतायत आणि मध्येच नातवाला ओरडतायत. शलाका सरळ धारेखाली गेली. आम्ही उरलेले तिच्या चपला सांभाळत बसलो.

मला खरं नवल या धारेचं वाटलं. वर काठावर पिण्याजोगं गोड पाणी, आणि दीडशे मीटर खाली तेच पाणी जाऊन मिळतं त्या तळ्यात तोंड घालवत नाही. कारण साधं आहे. तळ्याला येण्याच्या वाटा आहेत, जाण्याची एकही नाही. पाणी फक्त वाफ होऊन जातं आणि दगडातून विरघळून आलेले क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चाललंय.

उतारावर साग, सीताफळ, कडुनिंब, चिंच. मोरांचा ओरडा सतत. वानरं तर अशी बसलेली, की आपणच त्यांच्या सोसायटीत विचारल्याशिवाय आलोय. खाली खाली वेड्या बाभळीचं रान. ही बाहेरून आलेली झाडं वनखात्याने बरीच तोडली, तरी जागोजागी पुन्हा फुटलीयत.

पाण्याच्या काठावर पोचायच्या आधी वास पोचतो. सडक्या अंड्यांचा. पुढे काळा चिखल, त्यावर पांढरी खरखरीत पापडी, मग हिरवा तवंग. पापडी बोटाला साबणासारखी बुळबुळीत लागते. आजी पापडात घालायची त्या खाराच्याच जातीची ही. ग्लेनने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून रंगपट्ट्या आणल्या होत्या. पट्टी बुडवली आणि बघता बघता गडद निळी झाली, सामू दहाच्या घरात. त्याचा चेहरा असा खुलला, की लग्नातही खुलला नव्हता. अशा पाण्यात मासा जगणं कठीण, पण शेवाळ आणि जिवाणूंची चंगळ. 2020च्या जूनमध्ये हे तळं गुलाबी झालं होतं, आठवतं? आपण टीव्हीवर बघत होतो आणि तुम्ही म्हणालात, कोणीतरी रंग टाकला असणार. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासलं. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि खारात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले. गुलाबी रंग त्यांचा. पाऊस पडल्यावर रंग गेला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. महाराष्ट्रात तोवर एकच होतं, नांदूर मधमेश्वर. तिसरं 2022 मध्ये आलं, ते म्हणजे आपली ठाण्याची खाडी. केतनचं घर मुलुंड पूर्वेला मिठागरांच्या बाजूला, त्याच्या खिडकीतून फ्लेमिंगो दिसतात. त्यामुळे तो इथल्या प्रत्येक पक्ष्याकडे वरच्या दर्जाच्या गावकऱ्यासारखा बघतोय. टिबुकल्या होत्या, शेकाटे होते, चक्रवाकाची एक जोडी होती. "आमच्याकडे हजारांनी येतात," हे त्याने ऐकवलंच.

पाणी वाढलंय. काठाची जुनी पायवाट मध्येच पाण्यात शिरते आणि बाभळींचे बुंधे पाण्यात उभे आहेत. कमळजा देवीच्या देवळाकडे जायचं होतं. नवरात्रात तिथे मोठी जत्रा भरते. काकांनी लांबूनच हात जोडायला लावले. त्यांचं म्हणणं, झरे वाढले. केतनचं म्हणणं, आजूबाजूला बंधारे झाले, ते मुरून इथे येतंय. दोघेही ठाम. गोडं पाणी जास्त आलं तर तळ्याचा खार उतरेल, आणि खार उतरला तर इथे जे जगतं त्याचं काय, याची काळजी दोघांपैकी कोणाच्याच बोलण्यात नव्हती. ग्लेन मात्र चढताना तेवढंच बोलत होता. गावाचं सांडपाणी तळ्यात जातं यावरून नागपूरला उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं तारखा पडल्या. पाण्याने भरलेला खड्डा आणि त्याच्या ओठावर वसलेलं गाव. भांडण होणारच.

चढण आमच्या अंगावर आली. काकांनी आधीच सांगितलं होतं, "उन्हं चढाच्या आत या, मंग लय तरास होते." आम्ही उन्हं चढल्यावर आलो. जेवायला ज्वारीची भाकरी, झुणका आणि ठेचा. त्या ठेच्याने शलाकाच्या डोळ्यांतून धार लागली. गोमुखापेक्षा मोठी, असं ग्लेन म्हणाला आणि मार खाल्ला.

झोप येतेय. उरलेलं उद्या.

मुक्ता

सिंदखेडराजा
रविवार, दुपार

ती. आजोबा,

सकाळी लोणारमध्येच दैत्यसूदनाचं देऊळ बघितलं. ते विवरात नाही, गावात आहे, वस्तीच्या मधोमध उंच जोत्यावर. बाहेरून भिंतींच्या इतक्या घड्या, की एका कोपऱ्यावरून दुसरा दिसत नाही. आत अंधार. पुजाऱ्यांनी बॅटरीचा झोत छताकडे टाकला आणि वर कोरलेला लवणासुराचा वध उजेडात आला. तुम्हाला गोष्ट ठाऊक असेल. लवणासुर जमिनीखाली बिळात राहायचा. विष्णू सुंदर तरुण होऊन आला, असुराच्या बहिणी त्याच्यावर भाळल्या आणि भावाची जागा सांगून बसल्या. विष्णूने पायाच्या अंगठ्याने बिळावरचं झाकण उडवलं, असुराला मारलं, झाकण लांब जाऊन पडलं आणि त्याची टेकडी झाली. तळं म्हणजे ते बीळ, त्यातलं पाणी म्हणजे त्याचं रक्त.

देवळात एक गृहस्थ आम्हाला पटवत होते, की पूर्वजांनी उल्का पडताना बघितली आणि ती या गोष्टीत लपवली. मला अशा लोकांचा कंटाळा येतो. गोष्ट रचणाऱ्याने गोल खड्डा बघितला, खारट पाणी चाखलं, आणि त्या दोन गोष्टींना पुरेल असा असुर उभा केला, नावातच मीठ असलेला. एवढी हुशारी त्याच्या खात्यावर जमा करावी की नाही? त्याला उल्केचा साक्षीदार कशाला करायचं? अबुल फजलने 'आइन-इ-अकबरी'त मेहकराबरोबर लोणारचा उल्लेख केलाय. त्यात दोन गोष्टी आहेत: ही मोठी पुण्यभूमी, आणि इथे काच व साबण करायला लागणारा माल मिळतो. मला तो माणूस आवडला. देव आणि धंदा दोन्ही नोंदवून मोकळा.

मग मोठ्या मारुतीला गेलो. इथे मारुती आडवा, निजलेला. मूर्तीच्या दगडात चुंबकत्व आहे म्हणतात. शलाकाने मोबाइलवरचं होकायंत्र उघडलं, तर काटा भरकटायला लागला. केतन म्हणाला, तुझा फोनच तसा आहे. मग त्याच्या फोनवर केलं, त्याचाही भरकटला. शेजारी अंबर तळं आहे, लहानसं, मूळ उल्केचाच एक तुकडा पडून झालं असावं असं काही जण मानतात. आत्ता त्यात म्हशी होत्या.

आत्ता सिंदखेडराजात लखुजी जाधवांच्या वाड्यासमोरच्या हॉटेलात बसलेय. जिजाऊंचा जन्म 1598 मध्ये इथेच झाला. वाड्याच्या दरवाजाचं दगडी काम बघताना ग्लेन हातोडी मागत होता, दगड कुठला ते बघायला. आम्ही त्याला ओढून बाहेर आणलं. जीपवाला घाई करतोय. रात्रीची गाडी जालन्याहून आहे, सकाळी दादरला उतरून मी थेट ऑफिसला जाईन.

आईला सांगा, माझे बूट घरात घेऊ नकोस, गॅलरीतच ठेव. त्या चिखलाचा वास तिला सोसणार नाही. आणि तुम्ही कृपा करून गावदेवीच्या पायऱ्या चढायला एकटे जाऊ नका. पुढच्या रविवारी ग्लेन येतोय, त्याला आपल्या टेकडीचे खांब बघायचेत. त्याच्याबरोबर जा, आणि गेलात की इथले थर उलटे का पडले ते त्याच्याच तोंडून ऐका. माझ्यापेक्षा तो बरं सांगतो, फक्त थांबवावं लागतं.

सौ. आजीच्या फोटोला नमस्कार.

तुमची,
मुक्ता