भिंतीवरचा पदर

दगडाच्या घरात राहायचे तर दगडाला कापडाची सोबत हवी, हे युरोपातल्या राजेलोकांना फार पूर्वीच उमगले होते. थंडी अडवायला म्हणून लोकरीचे विणीव पट भिंतींवर चढले; पुढे थंडी राहिली बाजूला आणि पटावरची चित्रेच मोठी झाली. फ्रान्समधल्या आंझे गावच्या किल्ल्यात असा एक पट आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस अंजूच्या ड्यूकसाठी विणलेला, आणि विषय बायबलातल्या जगाच्या अंताचा. आज उरला आहे तोच शंभर मीटरांच्या घरात भरतो. राज्यक्रांतीनंतरच्या धामधुमीत लोकांनी त्याचे तुकडे घोड्यांवर घातले, कडाक्यात संत्र्याच्या झाडांना पांघरले. मला तरी याचा राग येत नाही. पांघरुणाने पांघरुणाचे काम केले, इतकेच!

हा पट पाहून झाँ ल्यूर्सा नावाच्या चित्रकाराच्या मनाने असा काही ठाव घेतला, की १९५७ साली त्याने आपल्या काळाचा प्रलय विणायला काढला. त्यात हिरोशिमाचा माणूस आला. १९६६ मध्ये ल्यूर्सा वारला तेव्हा काम अपुरेच होते. जे दहा पट झाले ते आंझ्यातच एका जुन्या रुग्णालयाच्या दालनात टांगले आहेत. पुढे डेन्मार्कच्या राणीच्या राजवाड्यासाठी ब्यॉर्न नॉरगॉर याने देशाचा हजार वर्षांचा इतिहास पटांवर उतरवला. तो २००० साली पुरा झाला.

हे सारे वाचताना मला आमचा औशाचा किल्ला आठवत राहतो. भुईकोट, बहामनी काळातला; भोवती खंदक, दुहेरी तट, तटावर तोफा. १६३६ मध्ये तो मोगलांनी घेतला. आत गेले की उघड्या भिंती, पारवे आणि ऊन. या भिंतींवर एखाद्या आजच्या चित्रकाराचा पट का नसावा?

विणणारे परके शोधायला नकोत. पैठणीचा पदर हा जातीने टॅपेस्ट्रीच. त्यातला नक्षीचा आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत धावत नाही. जिथे त्याचा रंग हवा तिथेच वळतो, शेजारच्या रंगाला अडकतो आणि माघारी फिरतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यातही हेच चालते. तिकडे लोकर, इकडे रेशीम आणि जर, एवढाच काय तो फरक. तिकडे मात्र मध्यंतरी विणकराला शेकडो छटा देऊन तैलचित्राची हुबेहूब नक्कल करायला लावण्याची खोड जडली होती. ल्यूर्साने ती मोडली. मोजके रंग, रंगांना आकडे, जाडसर वीण; विणकराला त्याने पुन्हा विणकर केले. आपल्याकडे दुखणे निराळे. पिढ्यान्‌पिढ्या मोर, पोपट, कमळ! तो मोर सुंदर आहे, पण त्या हातांना नवे चित्र फारसे कुणी देतच नाही.

आणि औशासाठी चित्र कशाचे? लढायांचे मुळीच नको. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बोळवून माणसे नुकती पाठ टेकली होती. दगडमातीच्या दोन-दोन फुटी भिंती, वर मातीचे जड धाबे. निजलेल्यांवर सगळे एकदम आले. हजारो माणसे गेली. माझी मावशी त्यानंतर कितीतरी महिने पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा दाराशीच निजे, पाय बाहेर काढून. दगडाचा तिने धसका घेतला होता. हा आमचा प्रलय. शतकांचा दगड जिथे उभा आहे, तिथेच तो कापडात असावा, असे मला फार वाटते.

पैठणच्या एका वयस्क विणकरापुढे मी हे बोललो. माग न थांबवता त्यांनी ऐकून घेतले. “पडलेल्या घरांची माती कुठल्या रंगाची?” त्यांनी विचारले.

“पांढरी. आमच्याकडे धाब्यावर पांढरीच घालत.”

“मग तिला रेशीम चालायचं नाही, भाऊ. ते चकाकतं.” थोड्या वेळाने म्हणाले, “घोंगडीची लोकर बघा. धनगराकडं पांढरी मिळंल.”