प्रयोगवहीतला समुद्र

पुण्यात बसून समुद्रविज्ञानाचं प्रॅक्टिकल. ऑनलाइन. सामानाची यादी आली: वजनकाटा, काचेचे ग्लास, मीठ, बर्फ, खाण्याचा रंग, थर्मामीटर, फूटपट्टी. थर्मामीटर तेवढं विकत आणावं लागलं.

*

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार. आकडा शाळेपासून पाठ. पण ९६५ ग्रॅम पाण्यात तेवढं मीठ प्रत्यक्ष ओतताना हात थबकतो. शिवाय घरचं मीठ म्हणजे जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्रात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही असतात. ग्लासात झालं ते नुसतं खारं पाणी. घनतेच्या प्रयोगाला मात्र चालतं.

*

आतापर्यंतचा सर्वांत चांगला प्रयोग रंगीत बर्फाचा. एक निळा खडा साध्या पाण्यात, एक खाऱ्या. साध्या पाण्यात निळ्या रेघा सरळ तळाला उतरतात, कारण वितळलेलं गार पाणी खोलीतल्या पाण्याहून जड. खाऱ्यात तोच रंग वरच्या वर थर धरून राहतो. वितळलेलं गोडं पाणी गार असूनही खाऱ्याहून हलकंच. आणि खाऱ्यातला खडा उशिरा वितळतो! मीठ टाकलं की बर्फ लवकर पाघळतो, हे डोक्यात घट्ट बसलेलं; ग्रुपवर बहुतेकांचे अंदाज उलटे होते. खड्याभोवती त्याचंच गार पाणी साचतं आणि खालचं कोमट पाणी त्याच्यापर्यंत पोचत नाही.

बंगालच्या उपसागरात हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. गंगा, ब्रह्मपुत्रा, म्यानमारची इरावती आणि वरून पाऊस. गोड्या पाण्याचा थर वर पसरतो, खालच्या गार पाण्यात सहज मिसळत नाही. अरबी समुद्रात नद्या कमी, बाष्पीभवन जास्त. उत्तरेकडे क्षारता ३६च्या वर जाते. मान्सून तोच, समुद्र दोन स्वभावांचे.

*

लाटांचं सिम्युलेशन. वाऱ्याचा वेग वाढवा, लाट मोठी होते. खोली कमी करा, लाट फुटते. यात काही बिघडतच नाही, आणि मग शिकायचं तरी काय?

*

त्यापेक्षा अर्गो. जगभरच्या समुद्रांत सुमारे ४,००० स्वयंचलित तरंगक सोडलेले आहेत. १,००० मीटरवर वाहत राहायचं, साधारण दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारायची, वर येता येता तापमान आणि क्षारता मोजायची आणि उपग्रहाला कळवायचं. भारताच्या तरंगकांचा कारभार हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाहते. आकडे कुणालाही फुकट.

अरबी समुद्रातला एक तरंगक निवडून आलेख काढला. खोलीचा अक्ष उलटा, शून्य वर. पृष्ठभागाशी २८ अंश, मग एकदम घसरगुंडी, तळाकडे ३च्या आसपास. मध्येच क्षारतेचा एक बिंदू कुठच्या कुठे उडालेला. प्रत्येक नोंदीपुढे दर्जाचा आकडा असतो: १ म्हणजे चांगली, ४ म्हणजे टाकाऊ. त्या बिंदूपुढे ४ होता. पण का? यंत्राला शेवाळ धरलं, की संवेदक बिघडला? त्यावर ग्रुपवर तासभर वाद. प्रॅक्टिकल म्हणावं असं काही झालं ते तेव्हा.

*

‘जहाजावर गेल्याशिवाय कसलं समुद्रविज्ञान’ म्हणणाऱ्यांसाठी: जहाजावरही यंत्र केबलवरून खाली सोडतात आणि मंडळी आत पडद्यासमोर बसतात. फरक नंतर पडतो. यंत्रासोबतच्या बाटल्या वर येतात, त्यांतलं थंडगार पाणी भरून घ्यायचं असतं, जहाज डोलत असतं, पोट ढवळत असतं. ते घरी येत नाही.

*

भरती-ओहोटी. कोची, मुंबई, भावनगर यांचे तक्ते शेजारी लावायचे. कोचीला पाणी मीटरभर चढतं, मुंबईला उधाणात चारेक मीटर, भावनगरला दहाच्या आसपास. रुंद, उथळ समुद्रबूड जमीन आणि निमुळतं होत जाणारं खंबायतचं आखात. पाण्याला चढण्यावाचून जागा नाही. मुंबईच्या अपोलो बंदरातल्या नोंदी १८७८पासूनच्या आहेत.

*

कोकणातला जुना हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अभ्यासक्रमात नाही, पण ताडून पाहिला. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते. म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तीन-तीन मिनिटांची तूट साठत पौर्णिमेला पाऊण तासाची होते: हिशेब सव्वाअकरा सांगतो, भरती बाराच्या सुमारास. होडी काढायला तेवढं पुरे. आणि गंमत म्हणजे ४८ मिनिटं बरोबर दोन घटका. घटिकापात्र जवळ असणाऱ्याला गुणाकारही नको.

*

वाळूचा पाठ. आतेभावाने रत्नागिरीहून एसटी पार्सलने दोन पुड्या पाठवल्या. काळ्या वाळूत चुंबक फिरवला. मॅग्नेटाइटचे कण लगेच चिकटले, इल्मेनाइट साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाही. पांढरट वाळूवर लिंबू पिळलं. शिंपल्यांच्या चुऱ्यावर बुडबुडे आले, स्फटिकाचे कण ढिम्म. दोन्हींचे फोटो, शेजारी नावाची चिठ्ठी ठेवून. चिठ्ठीशिवाय गुण नाहीत.

पार्सलात सुकटही होती. अहवालात तिची नोंद केलेली नाही.