नजरेचा विटाळ

संपादकांनी फोनवर ‘गूढ लिपी’ असाच शब्द वापरला. “ताई, महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांवर रंजक काहीतरी लिहा, फार तांत्रिक नको.” दिवाळीच्या फराळासोबत वाचायचे म्हणजे रंजक हवेच, हे कबूल. पण ज्या बाईने जुनी हस्तलिखिते वाचण्यात डोळे झिजवले, तिच्यासाठी त्यात गूढ ते काय उरणार? उरतात कसरीने खाल्लेली पाने आणि ती कुणाला दाखवू न देणारी माणसे.

मी राहते चारठाण्याला. गोकुळेश्वराचे मंदिर, बारव, उंच दगडी स्तंभ, जैन मूर्ती, असा जुना वारसा गावभर उघड्यावर पडलेला आहे. पाहुणे येतात, स्तंभाशी फोटो काढतात आणि मी पोथ्या वाचते हे कळले की हळूच विचारतात, “खजिन्याचा काही पत्ता लागला का?” यादवांच्या काळात मराठी गद्य उभे राहत होते, याचे कुतूहल फार थोड्यांना असते. म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा करून १२७८च्या सुमारास ऋद्धिपुरात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ‘शिशुपाळवध’ लिहिणारे भास्करभट्ट बोरीकर तर आमच्याच जिंतूर तालुक्यातल्या बोरीचे मानले जातात. खजिना हवा असेल तर तो हा आहे.

हा लेख मी लगेच कबूल केला, कारण गेल्या उन्हाळ्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. जवळच्याच एका गावात, पंथातल्या एका घरी पोथी असल्याचे कळले म्हणून मी गेले होते. ओसरीवर बसले, दंडवत प्रणाम झाला, चहा झाला. मग आतून सून आली आणि कानाशी येऊन म्हणाली, “बाई, अडचण तर न्हाई ना? मामंजी इचारायलेत.” मी नाही म्हटले. तेव्हा कुठे आजोबांनी लाल रुमालात बांधलेली शिवलेली पोथी बाहेर काढली.

“उपदेश घेतलाय का?”

“नाही, बाबा.”

“मंग लांबूनच बघा. मोबाईल तिकडं ठिवा.”

अक्षर घोटीव, शाई अजून काळीभोर. वरच्या कोपऱ्यात कसरीने पाडलेले भोक पानापानांतून आरपार गेलेले. लिपी सकळ, म्हणजे पंथाच्या सांकेतिक लिप्यांतली एक. आजोबांना ती वाचता येत नव्हती, त्यांच्या मुलालाही नाही. वडिलांना येत होती म्हणाले. मी हातभर अंतरावरून एक ओळ वाचून दाखवली. आजोबांनी पोथी मिटली आणि रुमालाला गाठ मारली.

आता विटाळाचे घ्या. मासिक पाळीचा विटाळ चक्रधरांनी साफ नाकारला होता. शरीराच्या नऊ द्वारांतून इतर मळ बाहेर पडतात तसाच हा, असे त्यांचे सांगणे लीळाचरित्रातच आहे. त्यांच्या शिष्यांत बाया होत्या. त्यांतली महदंबा मराठीतली आद्य कवयित्री ठरली. भिक्षा चारही वर्णांच्या दारी मागायची होती. तेव्हा सुनेने विचारलेला प्रश्न पंथाच्या शास्त्रातला नव्हता. ती आजूबाजूच्या गावाची रीत, भिंतीत ओल शिरावी तशी घरात शिरलेली. उपदेशाचा, म्हणजे पंथात रीतसर आल्याचा, प्रश्न मात्र पंथाचा स्वतःचा. स्पर्शाचा विटाळ ज्यांनी झुगारला, त्यांनी पुढे नजरेचा विटाळ मानला. माझे म्हणणे एवढेच आहे, बाकीचा लेख त्याच्या पुराव्यासाठी.

सकळ लिपीचे श्रेय परंपरा रवळोव्यासांना देते. काळ चौदावे शतक. तत्त्व सोपे आहे. नागरीतल्या एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहायचे. अंकलिपीत अक्षराऐवजी आकडे. याखेरीज सुंदरी, वज्र, पारमांडल्य वगैरे. पण अदलाबदल कायम तीच असली की भाषाच चुगली करते. काही अक्षरे सतत येतात, काही क्वचित. त्यात लीळाचरित्रात ‘सर्वज्ञें म्हणीतलें’ हे पालुपद पानोपानी. चिन्हांचा तोच झुबका पुन्हा पुन्हा दिसला की स, व, म, ण, त, ल हाती लागतात. मग ‘ज्ञ’ आणि ‘र्व’ ही जोडाक्षरे कशी हाताळली आहेत ते पाहायचे, मात्रा कुठे... असो. तांत्रिक नको म्हटले आहे.

पण एका वादावर बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. लिप्या मुसलमानी आक्रमणाच्या भीतीने निघाल्या, असे भाषणांतून आणि व्हॉट्सअॅपवरून ठासून सांगितले जाते. हे मला पटत नाही. खिलजीची देवगिरीवरची स्वारी १२९६ची. त्यानंतरच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा लिहून काढली, असे पंथच सांगतो. म्हणजे धोका होता, तो पोथी जाण्याचा होता. लुटारू पोथी जाळेल किंवा फेकेल. वाचत बसणार नाही. त्याच्यापासून पोथी वाचवायची तर जास्त प्रती करून त्या दूर दूर ठेवाव्या लागतात, अक्षरे बदलून काय साधणार? अक्षरे बदलायची ती ज्याला मराठी वाचता येते त्याच्यासाठी. तो परका नव्हता, शेजारी होता. शास्त्री होता, इतर दैवते भजणारा भक्त होता. आठवणीतून लिहिलेल्या प्रतींत पाठभेद होणारच. पंथाचे तेरा आम्नाय, म्हणजे उपपंथ, झाले, तेव्हा ज्यांच्यापासून लपवायचे त्यांत गुरुबंधूही आला असावा, असे मला वाटते.

शुद्धतेची ही ओढ लिपीच्याही आधीची. भास्करभट्टांचे ‘शिशुपाळवध’ वाचून वडीलधाऱ्यांनी म्हणे कौतुक केले, पण काव्य शृंगाराकडे झुकलेले, निवृत्तांच्या कामाचे नाही, असेही सुनावले. मग भास्करभट्टांनी ‘उद्धवगीता’ लिहिली. पुढे ‘शिशुपाळवध’ही सांकेतिक लिपीत उतरवले गेले. त्या काव्यात लपवण्याजोगे रहस्य कोणते, ते मला कुणी दाखवावे!

शेजाऱ्याची ही भीती अगदीच अनाठायी होती, असे मात्र म्हणता येत नाही. १७८२मध्ये सवाई माधवरावांच्या नावाने पेशव्यांचा हुकूम निघाला: या पंथाचा चार वर्णांशी आणि सहा दर्शनांशी संबंध नाही, त्यांचा उपदेश घेईल त्याला जातीबाहेर टाकावे. बाहेरच्यांना हे अशुद्ध वाटत होते आणि यांना बाहेरचे. कडी दोन्ही बाजूंनी लावलेली होती, हे पंथाला हसणाऱ्यांनी विसरू नये. लेबनॉन-सीरियातल्या द्रुझ पंथातही धर्मग्रंथ फक्त दीक्षितांसाठी असतात. छळ सोसलेल्या छोट्या समाजांची ही जुनी सवय आहे.

आणि हाच महानुभाव पंथ पंजाबात, पेशावरला, थेट काबूलपर्यंत गेला. तिथे त्यांना जयकृष्णी म्हणत. मठ झाले आणि मराठी पोथ्या परमुलखात जपल्या गेल्या. कडक बंदोबस्ताने ग्रंथ टिकले, हे श्रेय मी नाकारत नाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे आणि वि. ल. भावे या संशोधकांच्या हाती लिपीची किल्ली आली नसती, तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे पहिले प्रकरण कोरे राहिले असते. नंतरही सगळे सुरळीत झाले नाही. वि. भि. कोलते यांचे संपादन १९७८मध्ये आले, त्यावर पंथीयांनी आक्षेप घेतले आणि ग्रंथ वादात सापडला. त्यांतल्या काहींची दुखावलेली श्रद्धा मला समजते; ग्रंथ अडवणे समजत नाही. पाठभेदाचे उत्तर दुसरी प्रत छापून देता येते.

म्हणून माझा निवाडा असा. लिपीने पाचशे-सहाशे वर्षे राखणीचे काम चोख केले, आता तिची नोकरी संपली आहे. आज घरोघरच्या पोथ्यांना धोका ना शास्त्र्यांचा, ना फौजेचा. धोका आहे ओलीचा आणि कसरीचा, आणि कसर उपदेश घेतला आहे का ते विचारून पान खात नाही. ऋद्धिपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले, २०२४च्या ऑक्टोबरात मराठी अभिजात ठरली. पण या पोथ्या वाचणारे कमी होत चालले आहेत.

आपल्या घरी अशी पोथी असेल तर ती कुणाला देऊ नका, विकू तर मुळीच नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, पाने चिकटपट्टीने जोडू नका, लॅमिनेशनचा तर विचारही नको. धुतलेल्या सुती रुमालात, कोरड्या जागी ठेवा. आणि एकदा, तुमच्याच ओसरीवर, तुमच्याच अटींवर, तिचे फोटो काढू द्या. पाने तुम्हीच उलटा. आम्ही हात लावणार नाही.